मरून चादर फोटोत विटकरी का दिसते? कॅमेरा आणि स्कॅनर रंगासाठी तपासायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचा कारखाना. माल आता बराचसा ऑनलाइन जातो आणि 'फोटोत एक रंग, हातात आला दुसराच' म्हणून परत येतो. कारखान्यात एक जुना डीएसएलआर आहे, एक बरा फोन आहे आणि शेडकार्डासाठी (रंगांचे नमुने लावलेल्या कार्डासाठी) एक फ्लॅटबेड स्कॅनर. एकच मरून चादर तिघांत तीन रंगांची दिसते. यातलं खरं कोण, ते तपासायचं कसं, आणि नवा कॅमेरा घ्यायचा का?

मालक, तिघंही चुकतात, आणि प्रत्येकाच्या चुकीचं कारण वेगळं आहे. त्यामुळे 'खरं कोण' हे शोधत बसू नका. माझ्या कापडावर, माझ्या दिव्याखाली, कोण किती आणि कुठल्या बाजूला सरकतोय, एवढंच मोजायचं. बाजारातला चार्ट, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचा तक्ता, वापरून कॅमेरा पास करून घेता येतो, पण तोच कॅमेरा तुमच्या चादरीवर नापास होऊ शकतो. हे आधी सांगतो, कारण बहुतेक लोक चार्ट विकत घेतात, सॉफ्टवेअरमध्ये हिरवी टिकमार्क बघतात आणि तिथेच थांबतात.

असं का होतं ते बघू. सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची बारीक जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी, पेटंट १९७६ चं. त्या फिल्टरांचा प्रतिसाद माणसाच्या डोळ्याशी गणिती नात्याने तंतोतंत जुळला असता, तर कॅमेऱ्याला रंग अचूक कळला असता. ही अट रॉबर्ट ल्यूथर यांनी १९२७ मध्येच मांडली होती. बाजारातला कुठलाही नेहमीचा कॅमेरा ती पूर्ण पाळत नाही. म्हणून डोळ्याला एकसारखे दिसणारे दोन कपडे कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात, आणि उलटही. तुमचा डाईंग मास्टर याला मेटामेरिझमच म्हणेल. दुकानाच्या ट्यूबखाली जुळलेला शेड उन्हात फाटतो, तोच हा रोग. फरक इतकाच की इथे दिवा बदलत नाही, बघणारा बदलतो.

आता तपासणी. सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नका, दिव्यापासून करा. माझ्या अनुभवात सोलापुरातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

गोदामातले एलईडी बल्ब घेताना पाकिटावर 'सीआरआय ९०' (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) बघून समाधान मानू नका. तो आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे. गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला आर-नाइन म्हणतात, त्या आठांत येतच नाही. स्वस्त एलईडीमध्ये नेमका लांब लहरींचा लाल प्रकाश कमी असतो. म्हणजे सरासरी चांगली, पण मरून, राणी आणि लालभडक चादरीचा जीव गेलेला. दिवा घेताना आर-नाइन विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर तो दिवा फोटोसाठी घेऊ नका.

दुसरं, लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब किंवा हलका एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण शटर १/५०० वर असेल तर एका फोटोत पिवळट, दुसऱ्यात निळसर, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कॅमेरा स्टँडवर ठेवा.

तिसरं म्हणजे भिंती. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीजवळ पांढरा टॉवेल कधीच पांढरा येणार नाही. फोटो काढणाऱ्याने लाल टी-शर्ट घातला असेल तर तोही टॉवेलवर उतरतो. खिडकी बंद करा. गच्चीवर काढलेले फोटो कॅटलॉगला अजिबात नकोत. आपल्याकडे ऊन भरपूर आहे हे खरं, पण उन्हातला रंग आणि त्याच गच्चीवर सावलीतला, निळ्या आकाशाच्या उजेडातला रंग यांत केल्विनचा (उजेड किती पिवळा की निळा, त्या मापाचा) फरक हजारांत असतो.

दोन सारखे दिवे, कापडाच्या दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, कॅमेरा समोरून सरळ. दिवे लावून थोडा वेळ तापू द्या. मग चादरीच्या जागी राखाडी किंवा पांढरा मॅट कागद ठेवून फोटो काढा आणि चार कोपरे व मध्य यांचे आकडे (० ते २५५ मधले) बघा. कोपरा मध्यापेक्षा पाचसहा आकड्यांहून जास्त गडद असेल तर दिवे हलवा. उजेडच असमान असेल, तर पुढचं सगळं मोजमाप त्या उजेडाचं होईल, कॅमेऱ्याचं नाही.

इथून पुढे चार्ट. २४ चौकोनांचा कलरचेकर १९७६ मध्ये मॅकबेथने आणला, आता तो कॅलिब्राइट नावाने मिळतो. त्वचेचे दोन रंग, आकाश, पाने, शुद्ध लाल-हिरवा-निळा आणि खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा पायऱ्या. जुना हाताला लागला तर एक लक्षात ठेवा: नोव्हेंबर २०१४ पासून त्याच्या रंगद्रव्यांत बदल झाला, म्हणून त्याआधीच्या आणि नंतरच्या चार्टचे संदर्भ-आकडे वेगळे आहेत. इंटरनेटवरून चित्र उतरवून सात रस्त्याजवळच्या प्रिंटिंगवाल्याकडून छापून घेतलेला चार्ट मात्र चालत नाही. प्रिंटर चार शाईंतून डोळ्याला पटेल असा रंग उभा करतो; तो रंग मूळ चौकोनासारखा प्रकाश परावर्तित करत नाही, आणि नेमका किती चुकलाय तेही कुणी मोजलेलं नसतं.

फोटो रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत काढा. हा हट्ट नाही. कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपेगवर कंपनीने आधीच चविष्ट फोडणी घातलेली असते: आकाश जरा निळं, गवत जरा हिरवं, चेहरा जरा गुलाबी. फोन तर चार-सहा फोटो एकत्र करून, जागा ओळखून, प्रत्येक भागाचा रंग वेगळा वाढवतो. तिथे तुम्ही सेन्सर तपासत नसता, कंपनीची आवड तपासत असता. फोन वापरायचाच असेल तर डीएनजीचा (हाही रॉचाच प्रकार) पर्याय शोधा. रॉ उघडताना सॉफ्टवेअर आपणहून कॉन्ट्रास्टची वक्ररेषा लावतं, तीही तपासणीपुरती बंद ठेवा.

व्हाइट बॅलन्स हाताने, राखाडी चौकोनावरून. एक्स्पोजर असं की एसआरजीबीमध्ये (पडद्यांची नेहमीची रंगपद्धत) खालच्या ओळीतला दुसरा चौकोन साधारण २०० येईल. बाकीचे मग सुमारे १६०, १२२, ८५ आणि ५२ यायला हवेत, पहिला पांढरा २४३ च्या आसपास. आकडा बघताना एका पिक्सेलवर टिचकी मारू नका. चौकोनाच्या मधल्या मोठ्या भागाची सरासरी घ्या.

ही राखाडी ओळ नीट वाचता आली तर अर्धं निदान झालं. प्रत्येक पायरीत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळजवळ समान हवेत. वरच्या पायऱ्या बरोबर आणि काळ्याकडच्या निळसर, तर लेन्समध्ये बाहेरचा उजेड शिरतोय किंवा लेन्स धुळीने माखली आहे. यंत्रमागाच्या शेजारी सुताची पूड कशी उडते ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्याच पायऱ्या एका रंगाकडे झुकल्या तर व्हाइट बॅलन्स चुकला. गडद पायऱ्या सगळ्याच फिकट, पण रंगाने शुद्ध, तर एक्स्पोजर किंवा वक्ररेषा.

काहीही न हलवता चार्टचे दोन-तीन फोटो लागोपाठ काढून एकमेकांशी ताडून बघा, हेही इथेच उरकून घ्या. त्यांच्यातच डेल्टा ई (रंगांतलं अंतर, पुढे उलगडतो) ०.५ हून जास्त निघाला तर कुठेतरी काहीतरी 'ऑटो'वर राहिलंय किंवा दिवा लुकलुकतोय.

डेल्टा ई म्हणजे दोन रंगांतलं अंतर. सूत-कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये हा शब्द रोज वापरतात, पण फोटोच्या बाबतीत तो उघडून बघू. धरा, तुमच्या मरून चादरीचा स्पेक्ट्रोवरचा (रंग मोजायच्या यंत्रावरचा) आकडा एल २८, ए ३६, बी १६ आला. एल म्हणजे उजळपणा, ए वाढला की लाल, बी वाढला की पिवळा. फोटोत त्याच जागी एल ३०, ए ३३, बी २२ मिळाले. फरक २, ३ आणि ६. तिघांचे वर्ग ४, ९, ३६, बेरीज ४९, वर्गमूळ ७. १९७६ च्या साध्या सूत्राने डेल्टा ई ७ झाला. साधारण १ च्या आसपासचा फरक दोन नमुने शेजारी ठेवल्यावर जेमतेम दिसतो, ७ कुणालाही दिसेल. पण नुसतं ७ म्हणून सोडू नका. त्यातला मोठा वाटा बी चा आहे, म्हणजे रंग पिवळ्याकडे सरकलाय आणि लाल थोडा कमी झालाय. मरून विटकरी झाला तो इथे. हाच ७ जर सगळा एल मध्ये असता तर रंग तोच, नुसता उजळ दिसला असता, आणि एक्स्पोजरने काम भागलं असतं.

आज सूत्र वापरायचं ते सीआयईडीई२०००, कारण जुनं सूत्र भडक रंगांतला फरक फुगवून सांगतं. तुमच्या डाईंगवाल्याचा सीएमसी २:१ हा तिसराच हिशोब आहे. तिन्हींचे आकडे एकमेकांशी तोलू नका. अहवालात सरासरीबरोबर सर्वांत वाईट चौकोन कोणता तेही बघा. चांगला दिवा, रॉ आणि स्वतः बनवलेलं प्रोफाइल (कॅमेऱ्याची रंगचूक सुधारणारी फाइल) असेल तर सरासरी २ ते ३ आणि एखाददुसरा चौकोन ५ पर्यंत, एवढ्यावर मी समाधानी असतो. याहून कमी आकडा कुणी सांगितला तर त्याने ज्या चौकोनांवर प्रोफाइल बनवलं त्याच चौकोनांवर ते तपासलंय का, हे विचारा. पेपर सेट करणाऱ्यानेच पेपर सोडवल्यासारखं होतं ते. आणि २४ चौकोनांवर साधं मॅट्रिक्स प्रोफाइलच बनवा. मोठी टेबलवाली प्रोफाइलं इतक्या कमी नमुन्यांवर चार्टला चिकटतात आणि बाहेर वाहवत जातात.

सॉफ्टवेअरला पैसे लागतीलच असं नाही. अर्जिल सीएमएस मोफत आहे, फक्त कमांड टाइप कराव्या लागतात. डार्कटेबलमध्ये चार्ट वाचून दुरुस्ती करण्याची सोय आहे, तीही मोफत. इमाटेस्ट विकत घ्यावं लागतं, तुम्हाला त्याची गरज नाही.

स्कॅनरकडे वळू. स्कॅनरसाठी आयटी८ नावाचं टार्गेट मिळतं: २६४ रंगीत चौकोन आणि खाली राखाडीच्या २४ पायऱ्या, सोबत मोजलेल्या आकड्यांची फाइल. त्यावरून प्रोफाइल बनतं, चांगलं बनतं, आणि तुमच्या कामाला अपुरं पडतं. कारण ते टार्गेट फोटोच्या कागदावर असतं, त्यातले सगळे रंग तीनच रंगद्रव्यांतून तयार झालेले. त्यावर शिकलेला स्कॅनर फोटो बरोबर वाचेल. रिअॅक्टिव्ह किंवा व्हॅट डाईने रंगवलेलं सूत ही त्याच्यासाठी वेगळीच गोष्ट आहे.

त्यातही तुमचा स्कॅनर कुठला ते बघा. पातळ, यूएसबीवरच चालणारा असेल तर बहुधा सीआयएस जातीचा. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन अरुंद एलईडी आळीपाळीने लागतात. मधल्या लहरींमध्ये कापड काय करतंय ते त्याला दिसतच नाही. शिवाय काचेपासून जराही वर उठलेला भाग धूसर येतो, आणि टेरी टॉवेलचे लूप तर उठलेलेच असणार. जाड, आरशांचा, सीसीडी जातीचा जुना स्कॅनर कापडासाठी जास्त बरा.

स्कॅनरची एक खोड फारशी कुणी तपासत नाही. एकच मरून तुकडा काचेवर ठेवून दोनदा स्कॅन करा: एकदा भोवती पांढरा कागद, एकदा काळा. पांढऱ्या कागदातला तुकडा उजळ येईल, कारण कागदावरून उसळलेला उजेड काचेखालून परत तुकड्यावर पडतो. शेडकार्डावर एका रांगेत पांढऱ्या आणि दुसऱ्या रांगेत नेव्ही ब्लू शेजारी बसलेला तोच शेड म्हणूनच दोन आकडे देतो. सगळे तुकडे एकाच राखाडी चौकटीत ठेवून स्कॅन करा. आणि तोच तुकडा काचेच्या डावीकडे, मध्ये, उजवीकडे ठेवूनही बघा.

आता मुख्य काम: आपल्याच कापडाचा चार्ट. चालू शेडमधून वीस-पंचवीस निवडा. मरून, बॉटल ग्रीन, नेव्ही, काळा, राणी, जांभळा, मोरपंखी, फिरोजी, मोहरी आणि दोन-तीन राखाडी तर हवेतच. जॅकार्ड चादरीचा तुकडा घेऊ नका, त्यात दोन सुतांचे रंग मिसळतात. त्याऐवजी सूत पुठ्ठ्यावर घट्ट, समांतर गुंडाळून पट्ट्या करा, डाईंग मास्टर करतात तशाच. टॉवेलचा तुकडा असेल तर लूप एकाच दिशेला विंचरून लावा, कारण दिशा उलटली की शेड बदलतो. सगळं राखाडी बोर्डावर बसवा आणि प्रोसेस हाऊसमधून स्पेक्ट्रोवर मोजून आणा. कापड अपारदर्शक होईल इतक्या घड्या, प्रत्येक तुकड्यावर चार ठिकाणी, दर वेळी पाव फेरा फिरवून वाचन.

तिथे एक अडचण हमखास येते. कापडवाल्यांचा स्पेक्ट्रो आकडे देतो ते डी६५ प्रकाश (ठरवून दिलेला दिवसाचा उजेड) आणि १० अंशांच्या निरीक्षकासाठी (प्रमाण मानलेल्या डोळ्यासाठी). फोटोची प्रोफाइलं चालतात डी५० या वेगळ्या प्रमाण उजेडावर आणि २ अंशांवर. हे दोन्ही एकमेकांसमोर ठेवले की निर्दोष कॅमेराही नापास होतो. म्हणून त्यांच्याकडे लॅब (एल, ए, बी) आकडे मागू नका, परावर्तनाचा मूळ डेटा मागा: ४०० ते ७०० नॅनोमीटर, दर १० ला एक, म्हणजे प्रत्येक शेडचे ३१ आकडे. त्यातून हवा तो हिशोब नंतर करता येतो. ऑपरेटर आधी कुरकुरेल, पण फाइल एक्स्पोर्ट करायची सोय मशिनमध्ये असते.

हा बोर्ड तुमच्या दिव्याखाली ठेवून फोटो काढा. निम्म्या शेडवर प्रोफाइल बनवा, उरलेल्या निम्म्यांवर तपासा. मग खरं चित्र दिसेल. फिरोजी बहुधा सर्वांत वाईट निघेल, आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष अर्धाच असतो: भडक फिरोजी एसआरजीबीच्या आवाक्यातच नसतो. कलरचेकरवरचा निळसर चौकोनसुद्धा त्याबाहेर पडतो. जांभळा निळा दिसणं हा कॅमेऱ्याचा जुना आजार.

मेटामेरिझम स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर एकाच शेडचे दोन वेगळ्या रेसिपीचे लॉट घ्या, लाइट बॉक्समध्ये (प्रमाण दिव्यांच्या पेटीत) डी६५ खाली डोळ्याला जुळणारे. शेजारी ठेवून फोटो काढा. फोटोत ते वेगळे दिसले तर जगातलं कुठलंही प्रोफाइल दोघांना एकदम बरोबर करू शकणार नाही. त्या शेडपुरता फोटो हाताने दुरुस्त करायचा, खरा तुकडा लाइट बॉक्समध्ये समोर ठेवून आणि मॉनिटर कॅलिब्रेट करून. अशा शेडची यादी भिंतीवर लावून ठेवा. यादी छोटीच असते, पण ती नसली की फोटोग्राफर दर वेळी नव्याने भांडतो.

काळ्या आणि पांढऱ्याचं थोडं वेगळं आहे. काळा किंवा नेव्ही फोटोत तपकिरी-जांभळट आला तर अवरक्त प्रकाशाचा संशय घ्या. कापडाचे बरेच काळे रंग डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात. २००६ च्या लायका एम८ मध्ये काळं सिंथेटिक कापड जांभळट यायचं ते यामुळेच. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर ठिपका चमकला तर थोडा अवरक्त आत येतोय. पांढऱ्या टॉवेलमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर असतो, तो अतिनील किरण शोषून निळा उजेड सोडतो. नोटा तपासायच्या दिव्याखाली टॉवेल धरलात की लगेच कळेल. एलईडीमध्ये अतिनील जवळजवळ नसतंच, म्हणून तिथे टॉवेल मळकट दिसतो आणि ग्राहकाच्या बाल्कनीत शुभ्र. ही तक्रार परत येत नाही, पण विक्री कमी करते.

फोटो शेवटी एसआरजीबीमध्ये, प्रोफाइल आत जोडूनच सेव्ह करा. ग्राहकाच्या फोनवर रात्रीचा पिवळा मोड चालू असेल तर आपल्या हातात काही नाही. म्हणून मालाच्या वर्णनात शेड शब्दांतही लिहा: 'मरून, निळसर झाक असलेला'.

नव्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर सध्या नको. जुना डीएसएलआर रॉ देत असेल तर तोच ठेवा आणि पैसे आधी दिव्यांवर, मग चार्टवर, मग स्पेक्ट्रोच्या वाचनांवर घाला. सीआयएस स्कॅनर शेडकार्डाच्या कामातून काढून टाका. शेडकार्डही त्याच दिव्यांखाली कॅमेऱ्याने काढा. दर शूटिंगला पहिला फोटो चार्टचा, आणि दिवा, लेन्स किंवा भिंतीचा रंग बदलला की प्रोफाइल नव्याने.